आधी रंग उजळवायचा, मग लेझर?

पत्राचा सारांश: वाचक मुलगी २७ वर्षांची, नाशिकची. पिंपळगावकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटीचं काम बघते. रंग सावळा. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला राठ केस येतात, गालांवरची लवही अलीकडे दाट झाली आहे. दर आठ-दहा दिवसांनी थ्रेडिंग करावं लागतं. दिवाळीनंतर लग्न ठरलं, मुहूर्त वैशाखातला. पार्लरमध्ये सहा सिटिंगचं लेझर पॅकेज सांगितलंय, या महिन्यात पैसे भरले तर सवलत. पण तिच्या मैत्रिणीच्या वरच्या ओठावर लेझरनंतर काळा पट्टा उमटला, तो पाच महिने झाले तरी पुरता गेलेला नाही. ‘सावळ्या कातडीला लेझर चालत नाही’ असं जो तो सांगतो. म्हणून तिने एक बेत केलाय. शेजारणीने सुचवलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी एक क्रीम ती दीड वर्षापासून रात्री लावते आणि तिने रंग उजळलाय असं तिला वाटतं. ती अजून दोन-तीन महिने नेटाने लावायची आणि मग लेझर. किती उजळल्यावर लेझर सुरक्षित, असा तिचा प्रश्न आहे. सासरी यातलं काही कळू नये, अशीही इच्छा आहे. ता. क. : पाळी दीड-दोन महिन्यांनी येते.

तू पत्रात मला ताई म्हटलं आहेस, तेव्हा ‘तुम्ही’चं अवघडलेपण बाजूला ठेवते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा लेझर दिसलं. दुसऱ्यांदा क्रीम दिसली, आणि मग तो ता. क. कामाची गोष्ट सगळ्यात शेवटी सांगायची ही आपली बायकांची जुनी खोड. ओपीडीतही तेच होतं. दहा मिनिटं केसगळतीवर बोलून होतं, पेशंट उठते, दाराला हात लावते आणि म्हणते, ‘डॉक्टर, ते पाळीचं पण जरा...’

आधी तू जे विचारलंस त्याचं उत्तर. किती उजळल्यावर लेझर सुरक्षित, असा कुठलाही टप्पा नाही. तू आत्ता जशी आहेस त्याच रंगावर लेझर होतं. माझ्यासमोर रोज येऊन बसतात ती माणसं गव्हाळ, सावळी, काळीच असतात. त्यांना सगळ्यांना ‘आधी गोरे होऊन या’ म्हणायचं ठरवलं तर मला दवाखाना बंद करावा लागेल. मात्र लोक म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. लेझरची सुरुवातीची मशीनं आपल्यासारख्या त्वचेला खरंच सोसायची नाहीत, आणि चुकीच्या मशीनखाली गेलीस तर ते आजही तितकंच खरं आहे.

त्यामागचं गणित सांगते. ते कळलं की पैसे भरण्याआधी काय विचारायचं हे तुझं तुलाच सुचेल. केसाला काळा करणारं आणि कातडीला सावळं करणारं द्रव्य एकच, मेलॅनिन. लेझरचा प्रकाश मेलॅनिन शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि त्या उष्णतेने केसाचं मूळ निकामी होतं. ठरावीक प्रकाश ठरावीक क्षणभर सोडला तर आजूबाजूला धक्का न लावता नेमकं तेवढंच तापवता येतं, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ मध्ये मांडलं. सगळी मशीनं आज त्यावरच चालतात. गोऱ्या कातडीत काळा केस असला की प्रकाशाची काही गल्लत होत नाही. आपल्याकडे मुळापर्यंत पोचायच्या आधीच, कातडीच्या वरच्या थरात, मेलॅनिन भरपूर असतं. प्रकाश तिथेच अडकला की मूळ राहतं बाजूला आणि कातडी भाजते. मैत्रिणीच्या ओठावरचा पट्टा म्हणजे बहुधा हेच. आपली कातडी जिथे दुखावते तिथे काळी पडते. मुरुम फोडला तरी डाग राहतो, मग भाजल्यावर राहणारच.

यातून वाट निघते ती मुख्यतः तरंगलांबीने. तरंगलांबी जितकी जास्त, तितका तो प्रकाश मेलॅनिनमध्ये कमी अडकतो आणि खोल जातो. रुबी लेझर ६९४ नॅनोमीटरचं, अलेक्झांड्राइट ७५५चं, डायोड साधारण ८०० ते ८१०चं आणि एनडी-याग १०६४चं. सावळ्या-काळ्या त्वचेसाठी यात सगळ्यात निर्धोक शेवटचं, लांब पल्सचं एनडी-याग. पल्स म्हणजे प्रकाशाचा एकेक झटका. डायोडनेही आपल्याकडे उत्तम काम होतं, पण त्यात ताकद बेताची हवी, पल्स लांब हवा आणि हात जाणता हवा. एनडी-याग बारीक केसांवर थोडं कमी पडतं आणि दुखतंही जरा जास्त, रबरबँड ताणून सोडल्यासारखं.

हल्ली बऱ्याच ठिकाणी ‘ट्रिपल वेव्हलेंग्थ’ म्हणून मशीन दाखवतात, तीन लेझर एकात. ऐकायला भारी वाटतं. त्यातली एक तरंगलांबी बहुतेक वेळा ७५५ची असते, आणि सावळ्या चेहऱ्यावर नेमकी तीच नको असते. शिवाय काही ठिकाणी लेझर म्हणून जे मारतात ते लेझर नसतंच, आयपीएल म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट असतं. त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकदम पडतो आणि आपल्या रंगावर त्याचा भरवसा सगळ्यात कमी. ऑनलाइन मिळणारी घरगुती यंत्रंही बहुतेक आयपीएलच. त्यांच्या खोक्यावर त्वचेच्या रंगांची एक पट्टी छापलेली असते, ती कुणी बघत नाही. गडद टोकाच्या चौकटीवर फुली असते.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. तुमच्याकडे माल खोक्यात भरला की तो थेट कोल्ड स्टोरेजला जात नाही, आधी प्री-कूलिंगला लागतो, हे तुला मी सांगायला नको. लेझरचंही तसंच. कातडीचा वरचा थर आधी, मारताना आणि नंतर गार ठेवायचा, म्हणजे उष्णता खाली मुळाशी आपलं काम करते आणि वर चटका बसत नाही. मशीनचं टोक स्वतः गार असतं, किंवा थंड हवेचा झोत असतो, किंवा गार फवारा. यातलं काहीच नसेल आणि नुसतं जेल फासून काम चाललं असेल तर तिथून उठायचं.

एक कबुली देते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीच्या गालावर माझ्याच हातून गोल गोल चट्टे उठले होते. तीन सिटिंग सुरळीत झाली होती, चौथ्यालाही मी तीच ताकद ठेवली. नंतर विचारल्यावर कळलं की आठ दिवसांपूर्वी ती वणीला गडावर पायी जाऊन आली होती. मशीन तेच, हात तोच, आकडा तोच. आठ दिवसांच्या उन्हाने कातडी मात्र बदलली होती. चूक माझी. विचारायला हवं होतं ते आधी. चट्टे जायला सात महिने लागले आणि त्या सात महिन्यांत ती दर महिन्याला माझ्यासमोर येऊन बसायची. तेव्हापासून मी प्रत्येक सिटिंगला पेशंटला खिडकीशी नेऊन उजेडात चेहरा बघते. त्वचेचे सहा प्रकार सांगणारी एक पट्टी आम्ही वापरतो, हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये केलेली. मूळ पट्टीत गोऱ्यांचेच चार प्रकार होते, तपकिरी आणि काळ्या माणसांसाठी पाचवा-सहावा नंतर जोडला. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात मोडतो. पण तो प्रकार एकदा फाइलवर लिहिला म्हणजे झालं, असं नसतं.

आता क्रीम. तू नाव लिहिलेलं नाहीस, पण छोटी ट्यूब, चिठ्ठीशिवाय, शेजारणीची शिफारस आणि महिन्याभरात रंग खुलणं, एवढ्यावरून मला अंदाज आहे. आज घरी गेलीस की ट्यूबवरची बारीक अक्षरं मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव दिसलं तर ती स्टेरॉइडची क्रीम आहे. बरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी नावं असतील तर ते वांगांवरचं औषध आहे. डॉक्टरच्या नजरेखाली काही आठवडे वापरायचं, दीड वर्ष नव्हे. २०१८ मध्ये सरकारने असल्या स्टेरॉइड क्रीमा चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काउंटरवर काय चालतं ते तुलाही ठाऊक आहे, मलाही.

चेहऱ्यावर रोज स्टेरॉइड लागत राहिलं की कातडी पातळ होते, उन्हात गेलं की लाल होऊन चुरचुरते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुरुमं येतात. आणि केस वाढतात. हो, केस. तू लिहिलंयस की गालांवरची लव ‘अलीकडे’ दाट झाली. हे अलीकडे म्हणजे किती, ते जरा आठवून बघ. तुला न पाहता मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण हनुवटीवरचे राठ केस आणि गालावरची मऊ लव ही दोन वेगळी प्रकरणं असावीत असा माझा संशय आहे. लव क्रीमची, राठ केस आतल्या हार्मोन्सचे. म्हणजे तुझा बेत नीट मांडून बघितला तर तो असा होतो: केस वाढवणारी क्रीम अजून तीन महिने लावायची, कातडी अजून पातळ करायची आणि मग त्या पातळ कातडीवर केस काढायला उष्णता मारायची.

लवेबद्दल अजून एक. लेझरला पकडायला गडद, जाड केस लागतो. मऊ, फिक्या लवेत पकडण्यासारखं काही नसतं, आणि तिथे कमी ताकदीचा मारा करत राहिलं तर कधी कधी उलटंच होतं, केस जास्त आणि जाड येतात. हा प्रकार चेहऱ्यावर आणि मानेवर, आपल्याकडच्या सावळ्या मुलींमध्ये आणि हार्मोन्सचा त्रास असणाऱ्यांत अधिक दिसतो. पार्लरचं ‘फुल फेस’ पॅकेज त्यामुळेच मला पटत नाही. कपाळ आणि गालाची लव सोडून द्यायची असते. हनुवटी, जबड्याची कड, हवं तर वरचा ओठ, इतकंच.

ट्यूब मात्र उद्याच कचऱ्यात टाकू नकोस, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही. स्टेरॉइड एकदम तोडलं की पहिले काही आठवडे चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, पुरळ येतं, रंग आधीपेक्षा काळवंडल्यासारखा वाटतो. बहुतेक मुली इथेच घाबरतात आणि परत तीच ट्यूब आणतात. क्रीम सोडवायची पद्धत असते, मधल्या काळात लावायला दुसरं काही देता येतं. ते त्वचेच्या डॉक्टरांकडून करून घे. जाताना ट्यूब पर्समध्ये ठेव, ‘एक क्रीम लावायचे’ असं सांगून आम्हाला काही कळत नाही.

ता. क.कडे येते. पाळी दीड-दोन महिन्यांनी येणं आणि हनुवटीवर राठ केस येणं, हे दोन्ही एकत्र असलं की आधी पीसीओडी, म्हणजे अंडाशयाशी जोडलेला हार्मोन्सचा बिघाड, तपासायचं असतं. रक्ताच्या चार-दोन चाचण्या असतात, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, उपाशीपोटीची साखर, आणि सोनोग्राफी. पाळीच्या कितव्या दिवशी यायचं ते डॉक्टर सांगतील, म्हणून मागच्या सहा महिन्यांच्या तारखा लिहून ने. हार्मोन्स तसेच ठेवून लेझर केलं तर जुनी मुळं जातात आणि नवी तयार होत राहतात. सहा सिटिंगचे पैसे भरलेली मुलगी आठव्या महिन्यात ‘लेझर खोटं असतं’ म्हणत येते. गोळ्या लागल्या तरी केसांवर फरक दिसायला सहा महिने धरायचे. काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, तेव्हा लग्न वैशाखात आहे हे डॉक्टरांना आधीच सांग. आणि पीसीओडी निघालं म्हणजे मूल होणार नाही, हे तुला कुणीतरी नक्की सांगेल. ऐकून सोडून दे. माझ्याकडे केसांसाठी येणाऱ्या कितीतरी मुली नंतर बाळाची मालीश कुठल्या तेलाने करू हे विचारायला येतात.

(इतर वाचकांसाठी: केस दोन-तीन महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा व्हायला लागला किंवा पाळी एकदम बंद झाली, तर लेझर-बिझर बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.)

आता वैशाखाचा हिशोब करू. पार्लरचं सहा सिटिंगचं गणित कागदावर जमतं. चेहऱ्याला दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे सोडावे लागतात, कारण केस एकाच वेळी सगळे वाढत नसतात आणि लेझर लागू पडतं ते वाढीच्या अवस्थेतल्या केसांनाच. उद्या सुरू केलंस तर लग्नापर्यंत जेमतेम सहा होतील. पण उद्या सुरू करायचं नाहीये. क्रीम सुटून कातडी शांत व्हायला दोन महिने तरी जातील. तोवर जानेवारी उजाडेल, तुमचा सीझन सुरू होईल, आणि एप्रिलपर्यंत तू सकाळच्या उन्हात बागेत माल बघत फिरणार. घडाला ऊन लागू नये म्हणून शेतकरी पेपर लावतो. तू स्वतः मात्र त्या बागेत उघड्या तोंडाने उभी असतेस. टॅन झालेल्या कातडीवर लेझर नको, ते वणीच्या गोष्टीत सांगितलंच.

तेव्हा मला दोन रस्ते दिसतात. एक, फेब्रुवारीपासून हनुवटी आणि जबड्याची दोन किंवा तीन सिटिंग करायची, ऊन सांभाळता आलं तरच. शेवटचं सिटिंग आणि हळद यांत निदान महिनाभर अंतर ठेवायचं, कारण हळद, ब्लीच, फेशियल, मेकअप हे सगळं त्या शेवटच्या आठवड्यात चेहऱ्यावर येऊन आदळतं. लग्नाला केस पुरते गेलेले नसतील, विरळ झालेले असतील. दुसरा रस्ता म्हणजे लेझर लग्नानंतर, पुढच्या पावसाळ्यात, निवांत. तोपर्यंत क्रीम सोडवायची आणि हार्मोन्स मार्गी लावायचे. मला विचारशील तर मी दुसरा निवडेन. पण लग्न तुझं आहे आणि आरशात रोज तू बघतेस. पहिला निवडलास तर मी नाक मुरडणार नाही.

कुठलाही निवडलास तरी पार्लरमध्ये या महिन्यात पैसे भरू नकोस. सवलतीची मुदत संपते आहे, एवढ्यासाठी चेहऱ्यावर काही करून घ्यायचं नसतं. एकेका सिटिंगचे पैसे देता येतील अशी जागा शोध. पॅकेज भरलेली मुलगी चटका बसला तरी पुढच्या सिटिंगला जाते, मी पाहिलंय.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला दर चार पावलांवर ‘स्किन अँड लेझर’ची पाटी आहे. पाटी बघू नकोस, डिग्री बघ. त्वचेतली एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. क्रमांक विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. मशीन कुठलं, तरंगलांबी किती, ताकद कोण ठरवतं, प्रत्यक्ष हातात कोण धरतं आणि तेव्हा डॉक्टर इमारतीत असतात का, हे विचार. हातात टेक्निशियन असायला माझी हरकत नाही, कित्येक टेक्निशियन मुलींचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. पण फोड आला तर बघायला कोण आहे, हे आधी कळलं पाहिजे. खर्चाचं दडपण असेल तर तपासणी आणि क्रीम सोडवण्यासाठी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात जा, लेझरचा विचार नंतर कर.

आणि टेस्ट पॅच. यात मी अजिबात सूट देणार नाही. द्राक्षांवर फवारणीच्या औषधाचा किती अंश उरलाय, तो रेसिड्यूचा रिपोर्ट आल्याशिवाय तुमचा कंटेनर हलत नाही ना? जबड्याखाली, सहज दिसणार नाही अशा जागी दोन-चार शॉट मारून थांबायचं. दुसऱ्या दिवशी ‘काही झालं नाही’ म्हणून सुरू करतात, ते आपल्यासाठी पुरेसं नाही. चटका लगेच कळतो, पण काळा डाग आपल्या कातडीवर आठवड्या-दोन आठवड्यांनी वर येतो. मी दोन आठवडे थांबते.

लेझर करायचं ठरलं की आधीचे चार-सहा आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा सगळं बंद, आणि मधल्या काळातही. मूळच उपटलं तर लेझर तापवणार कशाला? मग तोवर केसांचं काय? तुला आवडणार नाही, पण रेझर. चेहऱ्यासाठी छोटे रेझर मिळतात, आदल्या दिवशीही तेच करून यायचं असतं. रेझरने केस जाड होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून बोटाला राठ लागतं, इतकंच. ‘पुरुषांसारखी दाढी’ हा शब्द तुझ्या पत्रात तू स्वतःबद्दल वापरलायस. थ्रेडिंगच्या दोऱ्याने दर आठ दिवसांनी हनुवटी सोलून घेणं बायकी आणि दोन मिनिटांचं रेझर पुरुषी, हे कुणी ठरवलं कोण जाणे.

सिटिंगनंतर मुळांभोवती लाली आणि बारीक सूज येते, काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बसते. ते ठीक आहे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत केस वाढल्यासारखे दिसतात, ते गळून बाहेर पडत असतात. फोड आला, खपली धरली, कातडी करडी दिसली तर गार पाणी लाव आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. फोड फोडायचा नाही, टूथपेस्ट-हळद फासायची नाही. सनस्क्रीन रोज लागेल, सावळ्या रंगालाही लागतं. आपल्यासाठी किंचित रंगाची, आयर्न ऑक्साइड असलेली सनस्क्रीन जास्त उपयोगी, डाग गडद करणारा दिसता उजेडही ती अडवते. गाडीवर तोंडाला स्कार्फ बांधतेसच, पहिले दोन-तीन दिवस तो मऊ सुती असू दे. मुरुमांसाठी किंवा आणखी कशासाठी गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना त्यांची नावं सांग, काहींनी कातडी उजेडाला हुळहुळी होते.

आणि लेझरने केस ‘कायमचे जातात’ असं कुणी म्हणालं तर तो शब्द जरा खाली उतरवून घे. कायमचे कमी होतात. उरतात ते बारीक आणि विरळ, आणि हार्मोन्सच्या मुलींना वर्षातून एखाद-दोन सिटिंग पुढेही लागतात. पिकलेल्या केसांवर लेझर चालत नाही, हे हनुवटीच्या पांढऱ्या केसांबद्दल लिहिणाऱ्या वाचक काकूंसाठी. त्यांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे बारीक सुईतून वीज देऊन एकेक मूळ मारायचं किचकट काम, पण रंगाचा प्रश्न नाही. पाय, पाठ असं मोठं क्षेत्र करून घेणाऱ्या मुला-मुलींनी घरून बधिर करणारी क्रीम थापून वर प्लास्टिक गुंडाळून जाऊ नये. ते औषध रक्तात जास्त गेलं तर जीवावर बेततं. अमेरिकेच्या एफडीएने २००७ मध्ये लेझरपूर्वीच्या अशाच मृत्यूंनंतर तसा इशारा दिला होता.

राहिलं सासर. बघण्याच्या कार्यक्रमात होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, ‘सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे,’ आणि तू ते वाक्य पत्रात अवतरणात लिहिलंयस. तो ‘पण’ तुला टोचला, हे मला इथे बसून कळतंय. पंचवटीत काळ्या दगडाच्या रामापुढे हात जोडायला रांगा लागतात आणि त्याच गल्लीत सुनेच्या रंगाला ‘पण’ लागतो. त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण तो ‘पण’ लागण्याच्या कितीतरी आधी, दीड वर्षापूर्वी, ट्यूब तुझ्या घरात आली होती, एवढं फक्त नोंदवते.

सगळं घरच्यांना सांग, असं मी म्हणणार नाही. केस तुझे, रेझर तुझं, ते कुणाला कळण्याचं कारण नाही. पाळीचं आणि गोळ्यांचं मात्र त्या मुलाला लग्नाआधी सांगावंस. पत्रात तू लिहिलंयस की तो रोज रात्री फोन करतो आणि तुम्ही तासभर बोलता. मग एका रात्री दहा मिनिटं याला दे. ‘माझी पाळी नियमित नाही, उपचार चालू केलेत,’ इतकं पुरे. पुढे तो काय बोलतो, कसा बोलतो, ते नीट ऐक.

जाता जाता मैत्रिणीचं. पाच महिन्यांत पट्टा थोडा तरी फिकट झाला असेल तर तो अजून जाईल. सनस्क्रीन, वरच्या ओठाचं थ्रेडिंग-ब्लीच बंद, आणि त्वचेच्या डॉक्टरांकडून त्यावरची क्रीम, या वेळी चिठ्ठीने. जिथे लेझर केलं तिथून मशीनचं नाव आणि कुठल्या ताकदीने मारलं त्याची नोंद लेखी मागून घ्यायला सांग, पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडेल. ते टाळाटाळ करायला लागले तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि पट्ट्यावर ती रोज लिंबू चोळते असं तू लिहिलं आहेस, ते आजच्या आज थांबव म्हणावं.